उजव्या टाचेचे दोन खिळे

गिरणा नदीच्या काठाकाठानं भडगावकडे निघालं की पूल यायच्या आधी एक गाव लागतं. गावात शिरताच एसटीच्या थांब्याला खेटून पत्र्याचं एक दुकान आहे. दुकान म्हणायचं ते सुपडूनानाच्या तोंडावर. माघारी सगळे त्याला खोपटंच म्हणतात. दारात ट्रकच्या जुन्या टायरांची चळत, आत एक ऐरण, रापी, आरी, डबाभर बोल्ट आणि या पसाऱ्याच्या मधोमध सुपडू. वय साठीच्या पुढं गेलेलं, पाठ वाकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि नाकावर माशी बसू देईल तर शपथ. वहाण घेऊन आलेल्या माणसाला तो आधी झाडतो, मग बस म्हणतो.

"काय रे भो, विस्तूवर नाचना का?" झिजलेला तळ बघताच हा त्याचा रामराम.

लोक हे सगळं ऐकून घेत, कारण सुपडूसारखी खिळ्याची वहाण पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाला जमत नव्हती.

ज्यानं पावसाळ्यात केळीच्या बागेत पाय टाकलेला नाही, त्याला या वहाणेची किंमत कळायची नाही. वरून पाऊस, खालून ठिबक, मधे कापून पडलेली पानं आणि खोडाची सालपटं. आमच्याकडची काळी माती ओली झाली की तळपायाला साबण लावल्यासारखी होते, आणि तिच्यावर केळीचा चीक सांडला की मग विचारूच नका. त्यातून माणसानं खांद्यावर पंचवीस-तीस किलोचा घड घ्यायचा, झाडांमधून वाट काढायची, बांध चढायचा, बांध उतरायचा आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत पोचायचं. परत फिरायचं, पुन्हा घड घ्यायचा. घड आपटला की केळं काळं पडतं आणि व्यापारी तो बाजूला काढतो. म्हणून घड वाहणाऱ्या माणसाला एक सवय लागते. पाय घसरला तर तो स्वतःला सावरत नाही, घडाला सावरतो. दोन्ही हात घडाला कवटाळतात आणि अंग मोकळं सुटतं. या एका सवयीपायी आमच्याकडं किती हाडं मोडली, ते कोणी मोजलेलं नाही.

पूर्वी माणसं अनवाणी जायची, पायाच्या अंगठ्यानं माती धरायची. सुपडू तरुण होता तेव्हा त्याच्या शेजारी बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारणारा एक कारागीर बसायचा. पत्रीच्या खिळ्याचं डोकं जरा वर राहिलं की बैल चिखलात घसरत नाही, हे सुपडू रोज बघायचा. एक दिवस त्यानं ते बैलावरून उचललं आणि माणसाच्या पायाला लावलं. टायरच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. खालच्या पट्टीतून आखूड बोल्ट काढायचे, डोकं जमिनीकडं. आतून नट आवळायचा, वर आलेलं टोक ऐरणीवर ठोकून चपटं करायचं, आणि त्यावर दुसरी पट्टी शिवायची म्हणजे पायाला काही टोचत नाही. चार बोल्ट पुढं, तीन टाचेला. ते बोल्ट असले तरी गावानं त्यांना खिळेच म्हटलं.

"टाचले तीन कसाले?" असं कोणी विचारलं की सुपडूला चेव यायचा. "पुढला खिळा गया ते मानूस ठेचकास. टाचना गया ते उताना पडस. भार लिसन उतरताना पहिले टाच टेकस, हाई तुना ध्यानमा येस का?"

एका पावसाळ्यात तर त्यानं ट्रॅक्टरलाही वहाण घातली. हेमराज अप्पा गावातले मोठे बागाईतदार. त्यांची केळीनं भरलेली ट्रॉली नदीकडच्या रस्त्यावर रुतली आणि ट्रॅक्टरचं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं. दगड घातले, उसाची पाचट घातली, दोन बैलजोड्या लावल्या. काही उपयोग नाही. सुपडू तिथं नुसता बघायला गेला होता. परत येऊन त्यानं ट्रकच्या टायरचे लांब पट्टे कापले, त्यात मोठे बोल्ट ठोकले आणि ते पट्टे साखळीनं चाकाभोवती आवळले. ट्रॅक्टर हुंकारला आणि चिखल उडवत वर आला. त्या दिवसापासून हेमराज अप्पा त्याला मास्तर म्हणायला लागले. सुपडू वरवर कानावर न घेतल्यासारखं करायचा, पण ती हाक ऐकली की त्याचा चेहरा कसा व्हायचा ते त्याच्या बायकोला, इंदिराबाईला, बरोबर ठाऊक होतं.

आता शनिवारचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

सुपडूच्या बापाचा एक नेम होता. शनिवारी लोखंडावर हातोडी मारायची नाही. लोखंड शनीचं आणि वारही शनीचा. शिवण करा, चिकटवा, पॉलिश करा, पण खिळा ठोकायचा तर रविवारी. दुकान शनिवारी उघडं असायचं, हातोडी तेवढी गप्प असायची. थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांना त्यावरून वार कळायचा. सुपडूनं नेम पुढं चालवला खरा, पण तो काही त्यानं गळ्यात बांधून घेतला नव्हता. कोणा म्हातारीच्या वहाणेचा खिळा तिच्या पायात घुसत असला, कोणाला मौतीला जायचं असलं, तर तो इकडंतिकडं बघून दोन घाव घालायचा. "देवले समजस," म्हणायचा आणि मोकळा व्हायचा.

घड वाहणाऱ्यांमध्ये लोटन हे सुपडूचं जुनं गिऱ्हाईक. ही गोष्ट घडली तेव्हा पस्तिशीचा असेल. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि चालायला लागला की बरोबरीचे मागं पडायचे. सुपडूला माणसं चेहऱ्यापेक्षा तळावरून जास्त कळायची. खिळे कसे झिजलेत ते पाहून तो सांगायचा, हा डाव्या खांद्यावर वाहतो, हा दारू पिऊन चालतो, याचा गुडघा दुखायला लागलाय. लोटन उजव्या खांद्यावर घड घ्यायचा, म्हणून त्याची उजवी टाच बाहेरच्या अंगानं झिजायची. तिथले दोन खिळे सुपडू दर पावसाळ्याच्या तोंडावर न सांगता बदलून द्यायचा. "हाई टाच तुनी नही, मनी शे," म्हणायचा. लोटन हसायचा.

मग सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात लोटननं चाळीसगावच्या बाजारातून प्लास्टिकचे बूट आणले. गुडघ्याखालपर्यंत येणारे, तळाला उंच उंच नक्षी असलेले. तो ते घालून दुकानासमोरून गेला. चोरून गेला नाही, उलट थांबून म्हणाला, "नाना, पाय कोरडा ऱ्हास यामा. बोटे सडतस नही."

"चांगलं शे, चांगलं शे," सुपडू म्हणाला, आणि लोटन पुढं जाताच हातातली रापी आपटली. तीस वर्षं ज्यानं गावाला उभं ठेवलं, त्याच्यासमोर हा कारखान्याचा बूट मिरवतो! घरी जाऊन त्यानं इंदिराबाईला तीन वेळा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "त्याना पाय शेत, त्याले वाटी ते घाली." त्यावर सुपडू रात्रीचा भात न खाता उठला. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस किती तापावा! पण तापला.

पंधरा दिवसांत बुटांचं पितळ उघडं पडलं. तळाच्या नक्षीत काळी माती गच्च बसायची, मग तळ सपाट, आणि सपाट तळ काळ्या मातीवर कसा धरणार? एक बूट सांध्यात फाटला. लोटननं ते कोपऱ्यात टाकले आणि जुनी खिळ्याची वहाण बाहेर काढली. त्या वर्षी ती सुपडूच्या हाताखालून गेलीच नव्हती. उजव्या टाचेच्या बाहेरचे दोन खिळे गळून गेले होते.

तो वार शनिवार होता.

त्या सकाळी लोटनच्या आधी हेमराज अप्पांची गाडी दुकानासमोर येऊन थांबली. त्यांच्या मुलाचे क्रिकेटचे बूट होते, तळाला लोखंडी खिळे असलेले, भारीतले. दोन खिळ्यांच्या चकत्या निघाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाचा सामना होता.

"मास्तर, चाळीसगावात दोन दुकानं पालथी घातली. एकानंही हात लावला नाही," अप्पा बाकावर टेकत म्हणाले. "मग म्हटलं, ज्यानं माझ्या ट्रॅक्टरला वहाण घातली त्याला हे काय जड?"

इंदिराबाई चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, आज शनवार शे."

"माले माहीत शे," सुपडू म्हणाला आणि त्यानं हातोडी उचलली. काम नाजूक होतं. त्यानं ते जीव लावून केलं. बूट उलटा करून, सुलटा करून, चकत्या नव्यानं बसवून, खिळे ठोकून. अप्पा बघत होते आणि मधे मधे मान डोलवत होते. पाव तास हातोडी वाजत होती. मग अप्पा बूट घेऊन गाडीत बसले, काच खाली करून पुन्हा एकदा "मास्तर" म्हणाले आणि गेले. सुपडू त्या हाकेनं जरा फुगलेला होता. तेवढ्यात त्याला वळणावरून लोटन येताना दिसला, हातात जुनी वहाण.

सुपडूनं हातोडी पोत्याखाली सरकवली. का सरकवली, हे पुढची सात वर्षं तो स्वतःला विचारत राहिला. लोटनला पाहण्याआधी ते त्याच्या मनातही नव्हतं. पण पाहिलं, आणि हात आपोआप पोत्याकडं गेला.

"नाना, उजव्या टाचना दोन खिळा गयात," लोटन म्हणाला. "दुफारले गाडी भरनी शे."

सुपडूनं वहाण हातात घेऊन उलटी केली. बाहेरच्या अंगाची दोन भोकं उघडी होती, त्यात माती भरलेली. आतला एकटा खिळा झिजून सपाट झाला होता. दोन खिळे बसवायला वेळ किती? पाव तास. हेमराज अप्पांच्या बुटाला लागला तेवढाच.

"आज शनवार शे," तो म्हणाला. "सकाय ये, रविवारले."

"शनवार?" लोटननं विचारलं. त्याची नजर एकदा ऐरणीवरून गेली.

"हा, शनवार. तुले ठाऊक नही का?" आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही सुपडूच्या तोंडून गेलं, "नही ते तुना त्या बूट शेतच ना. त्या घाल."

लोटन "बरं, नाना" म्हणाला, वहाण घेतली आणि निघून गेला. त्याची पाठ वळताच सुपडूला हाक मारावीशी वाटली. अगदी ओठावर आली होती. पण हाक मारायची म्हणजे पोत्याखालून हातोडी काढायची, आणि ती आता कोणत्या तोंडानं काढणार? तो टायरचा तुकडा घेऊन उगाचच कापत बसला.

दुपारी तिसऱ्या प्रहरी बातमी आली. नदीकाठच्या बागेत कापणी चालू होती. लोटननं तीसेक घड वाहिले होते. बांधावरून खाली येताना त्याची उजवी टाच सरकली. त्यानं दोन्ही हातांनी घड छातीशी धरला आणि तो खुब्यावर आपटला, बांधाच्या दगडावर. आवाज बाकीच्यांनाही ऐकू गेला. घडाला ओरखडासुद्धा आला नव्हता. दुसऱ्या एकानं तो उचलून ट्रकमध्ये नीट लावला. लोटनला ट्रॅक्टरमध्ये घालून भडगावला नेलं, तिथून जळगावला. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोनदा कापाकापी झाली. तीन महिन्यांनी तो उभा राहिला तेव्हा उजवा पाय दोन बोटं आखूड झाला होता, आणि त्यानंतर त्याच्या खांद्यावर कधी घड चढला नाही.

गावात या प्रकाराची चर्चा होणारच. थांब्यावर, दुकानात, जो येईल तो सुपडूला विचारायचा, "नाना, तो सकाळी तुमनाकडे उंता म्हने?"

"उंता," सुपडू सांगायचा. "शनवार व्हता."

म्हातारी माणसं मान हलवायची. शनिवारी लोखंडाचं काम घेऊन जायचंच कशाला, म्हणायची. सुपडूनं नेम मोडला नाही ते बरंच केलं, म्हणायची. एकानं तर आपल्या मुलाला समोर बसवून सांगितलं, नेम कसा पाळावा ते नानाकडून शीक. सुपडूनं ते ऐकलं. ऐकून घेतलं. त्याच्यासारखा तोंडाळ माणूस, ज्यानं कधी कोणाची बोलणी खाल्ली नाहीत, तो त्या दिवशी खाली मान घालून वादी ओवत राहिला. त्याला शरम वाटत होती, पण शरमेपेक्षा भीती मोठी होती.

हेमराज अप्पांना तर आपण शनिवारी गेलो होतो हेही आठवत नव्हतं. इंदिराबाईला मात्र सगळं ठाऊक होतं. ती महिनाभर काही बोलली नाही. मग एकदा भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "सांगी टाका ना त्याले एकदाव."

"काय सांगू?"

"जे शे ते."

सुपडू ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही.

लोटन जळगावहून परतल्यावर त्याची बायको नूतन एक दिवस दुकानात आली. सुपडूला वाटलं, आता ही बोलणार. त्यानं मनाची तयारी केली. बोलली तर बरंच होईल, असंही वाटलं. पण नूतन पदर सावरत बाकाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "नाना, तुम्हीच समजाडा त्यासले. सारखं म्हनतस, चूक मनीच शे, शुक्कारलेच वहाण दखाडाले जोयजे व्हती. सोतालेच दोष देतस. तुमनं ऐकतीन त्या."

सुपडू "जास मी, जास" म्हणाला. गेलाही. लोटनच्या खाटेजवळ बसला, पावसाविषयी बोलला, केळीच्या भावाविषयी बोलला, हेमराज अप्पांच्या नव्या पॅकिंगच्या शेडविषयी बोलला. जे बोलायला गेला होता ते तसंच घेऊन परत आला. निघताना लोटन म्हणाला, "येत जा, नाना." तो जात राहिला. दर आठ-पंधरा दिवसांनी. प्रत्येक वेळी वाटेत वाक्य जुळवायचा आणि उंबऱ्यापाशी ते मोडायचं.

त्यानं नूतनच्या चपला न सांगता नव्या करून दिल्या. लोटनच्या आखूड पायासाठी उंच तळाची वहाण बनवली, अशी की चालताना हिसका बसू नये. तीन वेळा उसवून पुन्हा शिवली. गाव म्हणायचं, नानाचा जीव आहे त्याच्यावर. होताच. पण जीव असलेल्या माणसालाच आपण शनिवार दाखवला, ही गोष्ट कुठल्या तळात शिवून टाकायची?

आणि एक झालं. सुपडू शनिवारचा कडक झाला. आता कोणी कितीही गयावया केली, कोणाला मौतीला जायचं असो की लग्नाला, शनिवारी हातोडी उचलायची नाही. शनिवारी सकाळी तो ती पोत्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचा, सगळ्यांना दिसेल अशी. त्याला वाटायचं, पुढचे सगळे शनिवार नीट पाळले तर तो एक शनिवारही खरा होईल. सात वर्षं त्यानं हे केलं. एकही शनिवार चुकवला नाही, आणि तो एक काही खरा झाला नाही.

दरम्यान खिळ्याच्या वहाणेचे दिवसही सरत आले. आता मोठ्या बागांमध्ये जागेवरच फण्या काढून, धुऊन, खोक्यांत भरतात. घड खांद्यावर घेऊन बांध उतरणारे थोडे उरले. बोल्टचा डबा महिनोन् महिने तसाच भरलेला राहतो. सुपडूला याचं फारसं वाईट वाटत नाही. खिळे नाहीत तर खिळे गळणार नाहीत, असं तो एकदा इंदिराबाईला म्हणाला.

लोटन आता गावातल्या पिठाच्या चक्कीवर बसतो. डबे मांडून ठेवतो, चक्की चालू-बंद करतो. दुकानावरूनच जातो-येतो, हातात काठी. काठी सुपडूला रोज दिसायची, पण तिच्याकडं नीट बघणं तो टाळायचा.

यंदाच्या श्रावणातला शनिवार. सकाळपासून भुरभुर लागलेली. लोटन चक्कीकडं निघाला होता. दुकानासमोरच्या सिमेंटवर शेवाळ धरलं होतं, तिथं त्याची काठी सरकली. पडला नाही. थांब्याच्या खांबाला धरून त्यानं तोल सावरला आणि लंगडत दुकानात येऊन बाकावर टेकला.

सुपडूच्या हातातली आरी तशीच राहिली होती. त्यानं न विचारता लोटनच्या हातातून काठी घेतली आणि उलटी केली. बुडाचं रबर केव्हाच गेलं होतं. उघडं लाकूड ओलं होऊन गुळगुळीत झालेलं, आणि झिजलेलं होतं ते बाहेरच्या अंगानं. अगदी तसंच, त्याच कलानं. सुपडूला ती टाच सात वर्षांनी पुन्हा हातात आल्यासारखी वाटली.

तो उठला. टायरचा तुकडा कापला, काठीच्या बुडाला गोल बसवून पाहिला. डब्यातून एक आखूड बोल्ट निवडला. मग वरच्या फळीकडं हात केला, पोतं खाली घेतलं आणि हातोडी बाहेर काढली.

लोटन ते बघत होता. "नाना, आज शनवार शे," तो म्हणाला. "राहू द्या. सकाय येसू मी."

हे सुपडूचेच शब्द होते. लोटननं ते टोचून म्हटले नव्हते. अगदी साधेपणानं, नानाचा नेम मोडू नये म्हणून म्हटले होते, निदान सुपडूला तसं वाटलं. त्यामुळंच ते जास्त लागले. त्यानं हातोडी मांडीवर ठेवली. सात वर्षं वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मग तो नुसतंच बोलायला लागला.

"लोटन, त्या शनवारले बी मी हातोडी मारेल व्हती. तू येवाना पहिले. हेमराज अप्पाना पोऱ्याना बूटले दोन खिळा बसाडात मी. तू उना तव्हय हातोडी आठे पोताखाल व्हती. शनवारनं नुसतं निमित्त व्हतं. माले राग व्हता. तुना त्या बूटना राग व्हता." त्यानं निवडलेला बोल्ट चिमटीत धरला. "पाव तासनं काम व्हतं रे. पाव तासनं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. लोटननं आखूड पाय हातानं उचलून जरा सरळ केला.

"माले माहीत शे, नाना," तो म्हणाला.

"तुले? तुले कसं माहीत?"

"मी त्या दिन तुमनाकडे येनारच नव्हतू. शनवार म्हनीसन सरळ घर जाई राहिंतू. तुमनी हातोडीना आवाज उना, म्हनीसन वळनू."

सुपडू त्याच्याकडं बघतच राहिला. म्हणजे पोत्याखाली हातोडी लपवली तेव्हाच ती उघडी पडलेली होती. लोटननं ती ऐकली होती, तिच्या भरवशावर तो आला होता, आणि "बरं, नाना" म्हणून परत गेला होता. नंतर चूक माझीच, शुक्रवारीच दाखवायला हवी होती, असं त्यानं बायकोला सांगितलं, गावाला सांगितलं. गावात नानाचं नाव जपलं ते त्यानं.

"मंग इतला वरीस बोलना का नही?" सुपडूनं कसंबसं विचारलं.

"तुम्ही सांगशात म्हनीसन वाट दखी राहिंतू," लोटन म्हणाला. "दर खेपले वाटे, आज सांगतीन. तुम्ही पानीपाऊसना गप्पा मारीसन उठी जायेत."

सुपडूनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. तरी समोरचं काही स्पष्ट दिसेना. सात वर्षं एक माणूस खाटेवर, मग चक्कीवर, मग रस्त्यानं येता-जाता आपल्या तोंडाकडं बघत होता, आणि आपण त्याला केळीचे भाव सांगत होतो. एवढा वेळ कसा परत करायचा?

लोटननंच हात पुढं केला. मांडीवरची हातोडी उचलून त्यानं सुपडूच्या हातात दिली.

"ठोका आते," तो म्हणाला. "माले चक्कीवर जानं शे."

सुपडूनं काठी ऐरणीवर धरली. पहिला घाव त्याच्या बोटावर बसला, दुसरा खिळ्यावर. बाहेर थांब्यावर चार माणसं एसटीची वाट बघत उभी होती. शनिवारी दुकानातून हातोडीचा आवाज येतोय हे ऐकून ती वळून बघायला लागली. सुपडूनं हात थांबवला नाही.